डिस्कचा आराखडा फाइलमध्ये, पासफ्रेज बाहेर: डिस्को आणि लुक्स वापरून निक्सओएस बसवणे

लिनक्स बसवताना चुकलं तर सगळ्यात महाग पडते ती पार्टिशनिंगची, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याची पायरी. नेमकी तीच पायरी बहुतेक जण मागे काही नोंद न ठेवता उरकतात. एफडिस्क हे भाग पाडणारं टूल उघडायचं, आकडे टाकत एंटर दाबत जायचं, मग एन्क्रिप्शनसाठी क्रिप्टसेटअप, मग फाइल सिस्टिम, मग माउंट, म्हणजे ती डिरेक्टरीला जोडणं. मशीन सुरू झालं की काय काय केलं ते डोक्यातून जातं. पुढे कधी डिस्क बिघडली किंवा तसंच दुसरं मशीन उभं करायचं ठरलं, की पहिले पाढे पंचावन्न.

डिक्लरेटिव्ह पद्धतीत कृतींची यादी द्यायची नसते. शेवटी डिस्क कशी असायला हवी ते एका फाइलमध्ये लिहायचं आणि तिथवर पोचण्याचं काम टूलवर सोडायचं. फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास राखणारं टूल) ठेवता येते, दुसऱ्याला तपासायला देता येते, पुन्हा चालवता येते. मात्र दोन गोष्टी आधीच पक्क्या करून घ्या. एक, ही फाइल डिस्कवर जे काही घडवते ते इन्स्टॉलेशनच्या वेळी. नंतर ती डिस्कची राखण करत बसत नाही. दोन, डिस्कचं कुलूप उघडणारा लांब पासवर्ड, म्हणजे पासफ्रेज, या फाइलमध्ये कधीही येता कामा नये. पुढच्या बहुतेक सूचना या दोन गोष्टींतूनच निघतात.

इथे मी निक्सओएस (अख्खी सिस्टिम कॉन्फिगरेशन फाइलमधून उभी करणारं लिनक्स) आणि त्यासाठीचं डिस्को हे टूल धरून चाललो आहे: यूईएफआय फर्मवेअरचं मशीन, एक डिस्क, लुक्स (लिनक्सवरचं डिस्क एन्क्रिप्शन), आत बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम. कमांड आणि पर्यायांची नावं लेखात नागरीत आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमनमध्ये टाइप करायची. हीच कल्पना इतरत्रही आहे. फेडोरा आणि रेड हॅटकडे किकस्टार्ट, डेबियनकडे प्रीसीड, उबुंटूकडे ऑटोइन्स्टॉल. सिस्टिमडी-रीपार्ट हेही डिक्लरेटिव्ह आहे, पण त्याचा स्वभाव सावध: मुळात ते नवीन पार्टिशन जोडतं आणि असलेलं वाढवतं, जुनं आपणहून पुसत नाही. डिस्कोचं वेगळेपण असं, की पार्टिशन बनवणारी फाइल आणि बूट होताना काय कुठे माउंट करायचं हे सांगणारी फाइल एकच असते. एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी ठेवणारी फाइल) एक आणि डिस्कवर भलतंच, हा घोळ त्यामुळे टळतो.

आधी निर्णय, मग फाइल

/बूट, म्हणजे बूटच्या फाइल जिथे असतात ती जागा, एन्क्रिप्ट करायची का? माझं मत: नको. ग्रब या बूटलोडरला लुक्सच्या आतलं /बूट उघडता येतं, पण लुक्सची दुसरी आवृत्ती लुक्स२ आणि पासफ्रेजवरून किल्ली काढण्याची तिची नेहमीची पद्धत आरगॉन२ यांच्याशी ग्रबचं फारसं जमलेलं नाही. २०२१ च्या २.०६ आवृत्तीत लुक्स२ चा आधार आला, तोही पीबीकेडीएफ२ ही जुनी पद्धत वापरली तरच. म्हणजे बूटलोडरसाठी पासफ्रेजचं संरक्षण कमकुवत करायचं. त्यापेक्षा ईएसपी (यूईएफआय ज्यावरून बूट करतं ते पार्टिशन) उघडं ठेवून सिस्टिमडी-बूट हा बूटलोडर वापरणं सरळ पडतं. कर्नल आणि इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये चढणारी छोटी सिस्टिम) उघड्यावर राहतात, म्हणजे मशीन हातात आलेला माणूस ते बदलू शकतो. ही काळजी असेल तर त्यावर उत्तर सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच बूट होऊ देणं. निक्सओएसवर लांझाबूट नावाचा प्रकल्प ते करतो. मशीन चोरीला गेल्यावर डेटा वाचला जाऊ नये, एवढीच गरज असेल तर उघडं /बूट पुरतं.

स्वॅप मात्र लुक्सच्या आतच हवा. रॅममधली पानं स्वॅपमध्ये उतरतात. ती उघड्या पार्टिशनवर उतरली तर बाकीच्या एन्क्रिप्शनला अर्थ उरत नाही. हायबरनेट करायचं नसेल तर बीटीआरएफएसच्या स्वतंत्र सबव्हॉल्यूममध्ये (फाइल सिस्टिममधला वेगळा कप्पा) स्वॅपफाइल पुरे. हायबरनेट हवं असेल तर लुक्सच्या आत एलव्हीएम (जागा लॉजिकल व्हॉल्यूममध्ये वाटणारा थर) घेऊन स्वॅपला वेगळा लॉजिकल व्हॉल्यूम द्या, कारण बीटीआरएफएसवरच्या स्वॅपफाइलसाठी रिझ्यूम ऑफसेट, म्हणजे डिस्कवरची तिची नेमकी जागा, काढत बसावं लागतं. स्वॅपला दर बूटला नवी किल्ली देणारा रँडम एन्क्रिप्शनचा पर्यायही आहे, पण जुनी किल्लीच उरत नसल्याने त्यात हायबरनेट शक्य नाही.

ईएसपीला १ जीबी द्या. निक्सओएस प्रत्येक जनरेशनचं (सिस्टिमची जपून ठेवलेली आवृत्ती) कर्नल आणि इनिटआरडी तिथे ठेवतं, आणि छोटं /बूट भरलं की नेमकं अपडेटच्या वेळी अडतं. नंतर ते वाढवणं जिकिरीचं.

पायरी १: डिस्क ओळखा

इन्स्टॉलरच्या यूएसबीवरून बूट करा आणि डिस्कची यादी देणारं एलएसबीएलके चालवा. नाव, आकार, मॉडेल आणि सिरियल हे कॉलम मागा. मग /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या डिरेक्टरीची यादी बघा. प्रत्येक डिस्कला तिथे मॉडेल आणि सिरियल नंबरवरून बनलेलं लांबलचक नाव असतं. फाइलमध्ये तेच लिहायचं. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावरून पडतात. आज एसडीए असलेली डिस्क उद्या यूएसबी लावून बूट केल्यावर एसडीबी होऊ शकते. डिस्क पुसणाऱ्या फाइलमध्ये असं डळमळीत नाव ठेवणं म्हणजे निव्वळ जुगार.

मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल आणि तिच्यावर जपण्यासारखं काही असेल, तर इन्स्टॉलेशनपुरती ती काढूनच ठेवलेली बरी.

पायरी २: आराखडा लिहा

फाइलचा सांगाडा असा:

डिस्को.डिव्हायसेस
— डिस्क
—— मेन
——— टाइप: डिस्क
——— डिव्हाइस: बाय-आयडीमधला पूर्ण मार्ग
——— कंटेंट: जीपीटी (पार्टिशन टेबल)
———— पार्टिशन ईएसपी: आकार १ जीबी, टाइप ईएफ००
————— कंटेंट: व्हीफॅट फाइल सिस्टिम, माउंट /बूट, पर्याय यूमास्क=००७७
———— पार्टिशन लुक्स: आकार १००%
————— कंटेंट: लुक्स, नाव क्रिप्टेड, सेटिंग्जमध्ये अलाउ-डिस्कार्ड्स
—————— कंटेंट: बीटीआरएफएस
——————— सबव्हॉल्यूम /रूट: माउंट /
——————— सबव्हॉल्यूम /होम: माउंट /होम, झेडएसटीडी कॉम्प्रेशन
——————— सबव्हॉल्यूम /निक्स: माउंट /निक्स, झेडएसटीडी कॉम्प्रेशन, नोएटाइम
——————— सबव्हॉल्यूम /स्वॅप: स्वॅपफाइल, हवा तो आकार

प्रत्येक थराच्या पोटात ‘कंटेंट’ आणि त्या कंटेंटच्या पोटात पुढचा थर, एवढंच व्याकरण आहे. लुक्स काढायचं असेल तर मधली एक पातळी उडवा. एलव्हीएम हवं असेल तर लुक्सच्या कंटेंटमध्ये फिजिकल व्हॉल्यूम लिहा आणि व्हॉल्यूम ग्रुपची व्याख्या डिस्कच्या शेजारी वेगळी करा.

पार्टिशन फाइलमध्ये ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमाने ती डिस्कवर पडतील, असं समजू नका. निक्स या कॉन्फिगरेशनच्या भाषेतल्या संचात क्रम नसतो. डिस्को प्राधान्याच्या आकड्यानुसार क्रम लावतं आणि १००% आकाराचं पार्टिशन आपोआप शेवटी ढकलतं. ठरावीकच क्रम हवा असेल तर प्रायॉरिटी हा पर्याय स्वतः द्या.

यूमास्कचा पर्याय गाळू नका. व्हीफॅटला यूनिक्सच्या परवानग्या कळत नाहीत. हा पर्याय नसला की ईएसपीवरची रँडम सीडची फाइल कुणालाही वाचता येते आणि बूटलोडर बसताना तशी सूचना झळकते.

अलाउ-डिस्कार्ड्स एसएसडीसाठी. याने ट्रिम (रिकामे ब्लॉक डिस्कला कळवणं) चालतं आणि डिस्कचा वेग टिकतो. बदल्यात डिस्क हाती लागलेल्याला कुठले ब्लॉक रिकामे आहेत एवढं दिसतं. आतला मजकूर दिसत नाही. बहुतेकांनी हा व्यवहार मान्य करावा असं माझं मत. ज्यांना एन्क्रिप्टेड डेटा नेमका किती आहे हेही लपवायचं आहे, त्यांनी तो बंद ठेवावा.

आता नावं. वरच्या सांगाड्यातलं ‘मेन’ आणि ‘लुक्स’ ही नावं फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नाहीत. डिस्को त्यांची जोडणी करून जीपीटीमध्ये ‘डिस्क-मेन-लुक्स’ असं पार्टिशन लेबल लिहितं आणि बूटच्या वेळी याच लेबलने पार्टिशन शोधलं जातं. इन्स्टॉलेशननंतर सहज नीटनेटकेपणा म्हणून ‘मेन’चं ‘सिस्टिम’ केलंत, तर कॉन्फिगरेशन विनातक्रार बिल्ड होईल, पण पुढच्या बूटला मशीन ‘डिस्क-सिस्टिम-लुक्स’ नावाच्या पार्टिशनची वाट बघत बसेल. तसं पार्टिशन डिस्कवर नसतंच. सुदैवाने बूट मेनूतून जुनं जनरेशन निवडता येतं. एकाच फाइलवरून दोन डिस्क बनवून दोन्ही एका मशीनला लावल्या तरी असाच गोंधळ होतो: एकाच लेबलची दोन पार्टिशन. म्हणून नावं इन्स्टॉलेशनच्या आधी विचार करून ठेवा आणि नंतर त्यांना हात लावू नका.

पायरी ३: पासफ्रेज कुठून येणार

सगळ्यात चांगला मार्ग सगळ्यात सोपा आहे: फाइलमध्ये पासफ्रेजबद्दल काहीच लिहू नका. मग डिस्को फॉरमॅट करताना ती टर्मिनलवरच विचारतं.

इन्स्टॉलेशन माणसाविना चालवायचं असेल तर ‘पासवर्डफाइल’ हा पर्याय असतो, त्यात फाइलचा मार्ग द्यायचा. ती फाइल लाइव्ह सिस्टिमच्या /टीएमपीमध्ये ठेवा. लाइव्ह सिस्टिमचं लिहिणं रॅममध्ये होत असल्याने रीबूटनंतर ती उरत नाही. मार्ग मात्र अवतरणचिन्हांत लिहा. निक्समध्ये अवतरणाशिवाय लिहिलेला मार्ग मजकुरात गुंफला गेला की ती फाइल निक्स स्टोअरमध्ये (निक्स आपलं सगळं सामान ठेवतं ती जागा) कॉपी होते, आणि स्टोअर मशीनवरच्या प्रत्येक यूजरला वाचता येतं. पासफ्रेज थेट कॉन्फिगरेशनमध्ये लिहिण्याचा परिणामही तोच, वर गिटच्या इतिहासात कायमची नोंद.

‘पासवर्डफाइल’ आणि ‘कीफाइल’ यांची गल्लत करू नका. सेटिंग्जमधली कीफाइल दर बूटला लागते आणि ती बाइट-न-बाइट तशीच वाचली जाते. एडिटरने फाइलच्या शेवटी घातलेली नवी ओळ हासुद्धा किल्लीचा भाग होतो. त्याच फाइलमधले शब्द तुम्ही कीबोर्डवरून अचूक टाइप केलेत तरी कुलूप उघडणार नाही, आणि कारण पडद्यावर कुठेच दिसणार नाही.

पासफ्रेज किती मोठी असावी? डाइसवेअर या फाशांनी शब्द निवडण्याच्या पद्धतीच्या यादीत ७,७७६ शब्द असतात. फासे टाकून निवडलेला प्रत्येक शब्द सुमारे १२.९ बिटांची भर घालतो. सहा शब्दांत ७७ बिट होतात, तेवढे भरपूर. त्यावर आरगॉन२आयडीचं (आरगॉन२ चा एक प्रकार) ओझं असतंच. क्रिप्टसेटअप फॉरमॅट करताना मशीनचा वेग मोजून एक प्रयत्न साधारण दोन सेकंद खाईल आणि १ जीबीपर्यंत रॅम वापरेल असं गणित बसवतं. हे गणित फॉरमॅट करणाऱ्या मशीनवर होतं. वेगवान मशीनवर फॉरमॅट केलेली डिस्क जुन्या लॅपटॉपमध्ये लावली, तर कुलूप उघडायला जास्त वेळ लागतो. त्यात बिघाड शोधत बसू नका.

आणि चिन्हं जपून वापरा. इन्स्टॉलरमधला कीबोर्ड लेआउट आणि बूटच्या वेळचा लेआउट वेगळा असला की पासफ्रेज बरोबर असूनही चुकते. कॉन्फिगरेशनमध्ये कन्सोलचा कीमॅप नक्की करा, किंवा शब्द असे निवडा की त्यांतली अक्षरं दोन्ही लेआउटवर एकाच जागी असतील.

पायरी ४: चालवण्याआधी वाचा

डिस्कोला ड्राय-रन हा पर्याय द्या. ते डिस्कला हात न लावता, जी स्क्रिप्ट चालणार होती तिचा मार्ग छापतं. ती उघडून वाचा. लांबलचक असते, पण सगळी वाचायची गरज नाही. पार्टिशन बनवणाऱ्या एसजीडिस्कच्या ओळी शोधा आणि प्रत्येकीत डिस्कचं नाव तुम्ही ठरवलेलंच आहे ना ते बघा. लुक्सफॉरमॅटची ओळ शोधा आणि ती योग्य पार्टिशनवर आहे ना ते बघा. हा डिक्लरेटिव्ह पद्धतीचा खरा फायदा आहे. हाताने पार्टिशन करताना प्रत्येक कमांड चालली की तिचा परिणाम झालेला असतो. इथे सगळा खेळ आधी कागदावर बघता येतो.

हाताशी दुसरं निक्स असलेलं मशीन असेल तर तिथे व्हीएम-विथ-डिस्को हे बिल्ड चालवा. तुमचाच आराखडा आभासी डिस्कवर उभा राहून बूट होतो. वेळ लागतो, पण खऱ्या डिस्कवर पुन्हा पुन्हा झटण्यापेक्षा कमीच.

पायरी ५: चालवा

डिस्कोचे तीन मुख्य मोड आहेत. डिस्ट्रॉय निवडलेल्या डिस्कवरचं सगळं अनमाउंट करून पार्टिशन टेबल पुसतं. फॉरमॅट जे अजून अस्तित्वात नाही ते बनवतं. माउंट सगळं /एमएनटीखाली जोडतं. नव्या मशीनवर तिन्ही एकत्र, स्वल्पविरामाने जोडून द्यायचे. लाइव्ह यूएसबीवर निक्स-कमांड आणि फ्लेक्स (कॉन्फिगरेशन बांधून ठेवण्याची निक्सची पद्धत) ही प्रायोगिक वैशिष्ट्यं कमांडबरोबर सुरू करावी लागतात, नाहीतर ‘निक्स रन’ चालायलाच नकार देतं.

पुसण्याआधी डिस्को खात्री विचारतं. ती खात्री वगळणारा पर्यायही आहे. माणूस समोर बसलेला असताना तो वापरू नका. आणि एक ठसवून ठेवा: बिघडलेलं मशीन यूएसबीवरून दुरुस्त करायचं असेल तेव्हा फक्त माउंट मोड. पासफ्रेज विचारून, लुक्स उघडून सगळे सबव्हॉल्यूम ते जागच्या जागी जोडून देतं. सवयीने आधीचीच कमांड वर-बाण दाबून चालवलीत तर डिस्ट्रॉयही त्यात आहे.

झाल्यावर लगेच तपासा. फाइंडएमएनटीने /एमएनटीखालचं झाड बघा: रूट, होम, निक्स, बूट सगळे आहेत ना. मग क्रिप्टसेटअप लुक्सडंप: आवृत्ती २, सायफर एईएस-एक्सटीएस-प्लेन६४, किल्ली ५१२ बिट, पीबीकेडीएफसमोर आरगॉन२आयडी. एक्सटीएस किल्लीचे दोन भाग करतं, त्यामुळे प्रत्यक्षात हे एईएस-२५६. आणि आता, सिस्टिम बसवण्याच्या आधी, क्रिप्टसेटअप ओपनला टेस्ट-पासफ्रेज हा पर्याय देऊन पासफ्रेज हाताने टाइप करून बघा. तो काही उघडत नाही, फक्त किल्ली लागते की नाही सांगतो. इथे चूक सापडली तर पाच मिनिटांचं काम. बूटनंतर सापडली तर सगळं पुन्हा.

पायरी ६: सिस्टिम बसवा

निक्सओएस-जनरेट-कॉन्फिग चालवताना नो-फाइलसिस्टिम्स हा पर्याय द्या. नाहीतर हार्डवेअरच्या फाइलमध्येही माउंटची माहिती येते, डिस्कोच्या मॉड्यूलमध्ये ती आधीच असते, आणि एकाच गोष्टीच्या दोन व्याख्या जुळत नाहीत म्हणून बिल्ड थांबतं.

मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये तीन गोष्टी हव्यात: डिस्कोचं मॉड्यूल, तुमची आराखड्याची फाइल आणि सिस्टिमडी-बूट सुरू केल्याची ओळ. लुक्स उघडण्यासाठी इनिटआरडीत वेगळं काही लिहावं लागत नाही, डिस्को ते स्वतः भरतं. फ्लेक वापरत असाल तर नवीन फाइल गिट अॅड करा. गिटला माहीत नसलेली फाइल फ्लेकला दिसतच नाही आणि ‘फाइल सापडली नाही’ हा संदेश ती डोळ्यांसमोर असताना येतो.

निक्सओएस-इन्स्टॉल शेवटी रूटचा पासवर्ड विचारतं. तुमच्या यूजरचा पासवर्ड ठरवायचा राहिला असेल तर रीबूटआधी निक्सओएस-एंटरने आत जाऊन ठरवा.

पहिल्या बूटनंतर

लुक्सचा हेडर ही डिस्कवरची सगळ्यात नाजूक जागा. लुक्स२ मध्ये तो साधारण १६ एमबीचा असतो आणि डिस्कची खरी किल्ली, तुमच्या पासफ्रेजने झाकलेली, तिथेच असते. तेवढा भाग खराब झाला तर पासफ्रेज पाठ असूनही डेटा गेला. क्रिप्टसेटअप लुक्सहेडरबॅकअपने त्याची प्रत काढा आणि ती याच डिस्कवर ठेवू नका. ही प्रत जपायचं आणखी एक कारण आहे: जुन्या हेडरला जुनीच पासफ्रेज लागते. पासफ्रेज फुटली म्हणून बदललीत आणि हेडरची जुनी प्रत कुणाच्या हाती असेल, तर फुटलेल्या पासफ्रेजनेही डिस्क उघडते. अशा वेळी रीएन्क्रिप्ट करून मूळ किल्लीच बदलावी लागते.

लुक्स२ मध्ये ३२ पर्यंत कीस्लॉट, म्हणजे वेगवेगळ्या किल्ल्यांच्या जागा, असतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये एक रिकव्हरी किल्ली ठेवा. सिस्टिमडी-क्रिप्टएनरोल ती तयार करून पडद्यावर दाखवतं. कागदावर उतरवून मशीनपासून लांब ठेवा.

टीपीएम२ (मशीनमधली किल्ल्या जपणारी चिप) मध्ये किल्ली नोंदवून पासफ्रेजशिवाय बूट करणंही याच टूलने जमतं. निक्सओएसवर त्यासाठी इनिटआरडीत सिस्टिमडी सुरू करावं लागतं. किल्ली पीसीआर ७ ला (सिक्युअर बूटची स्थिती नोंदवणारा टीपीएमचा कप्पा) बांधली तर सिक्युअर बूटची स्थिती बदलल्यावर टीपीएम किल्ली देत नाही. सिक्युअर बूट बंदच असेल तर या बांधण्याला फारसा अर्थ नाही. शिवाय पिन न लावता टीपीएम वापरलं तर चोरलेलं मशीन लॉगिनच्या पडद्यापर्यंत आपोआप पोचतं. लॅपटॉपवर मी पिनशिवाय ते करणार नाही. कोपऱ्यातल्या सर्व्हरची गोष्ट वेगळी.

पुढे आराखडा बदलायचा झाला तर

फाइलमध्ये ईएसपीचा आकार १ जीबीचा २ जीबी केला आणि निक्सओएस-रीबिल्ड चालवलं, तर काहीच होत नाही. रीबिल्ड डिस्कची मांडणी बदलत नाही. फक्त माउंट, त्यांचे पर्याय आणि लुक्सची बूटच्या वेळची सेटिंग्ज नव्याने लागू होतात. कॉम्प्रेशन बदलणं, नोएटाइम घालणं, डिस्कार्ड बंद करणं हे फाइलमधून चालतं. नवीन सबव्हॉल्यूम हवा असेल तर तो आधी हाताने बनवा, मग फाइलमध्ये लिहा. उलटं केलंत तर पुढच्या बूटला नसलेला सबव्हॉल्यूम माउंट होईना म्हणून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल. पार्टिशनचे आकार बदलायचे असतील तर बॅकअप घ्या, फाइल दुरुस्त करा आणि पायरी ४ पासून पुन्हा सुरुवात करा. नव्या डिस्कवर जायचं असेल तर त्याआधी बाय-आयडीची ओळही बदला.